समाजशास्त्राच्या जोडीला गुन्हेगारीशास्त्र: कोल्हापुरातून कसं शिकावं?

उजळाईवाडीची
मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर समाजशास्त्र. पुढं क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, शिकायचं मनात आहे. पण समाजशास्त्र सोडायचं नाही. दोन्ही बरोबरीनं शिकता येतं का, कुठं येतं, आणि एकाचा दुसऱ्याला खरंच उपयोग होतो का, हे विचारायला धागा काढलाय.

पप्पा एसटीत वाहक आहेत. ते म्हणतात, "पोलिसांतच जायचं असेल तर भरतीची तयारी कर, त्याला शास्त्र कशाला?" मला पोलिसांत जायचंय की नाही हेच अजून ठरलेलं नाही.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. सातवीपर्यंत माझ्या वर्गात असलेला गल्लीतला एक मुलगा सध्या कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. खटला अजून चालू आहे. त्याची आई मुलाखतीच्या दिवशी सकाळी सहाला उठून आवरून बसते. एकदा मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले होते. पिशवीत दोन बनियन, साबणाच्या वड्या आणि शंभर पानी वही. वहीत फक्त कोर्टाच्या तारखा. एकाखाली एक अठरा तारखा, आणि प्रत्येकीपुढं तिच्या मोठ्या अक्षरात एकच शब्द: "पुढची". ती वही बघितल्यापासून मला या विषयानं सोडलेलं नाही.

कुणी दोन्ही विषय शिकलं असेल, या क्षेत्रात काम केलं असेल, तर मनापासून सांगा.

धारवाडला_होतो
मंगळवार, रात्री १०:१५

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण मी स्वतः तो घेऊनच गेलो होतो. गुन्हेगारीशास्त्र वेगळं आणि न्यायवैद्यक शास्त्र, म्हणजे फॉरेन्सिक, वेगळं. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, गोळीची दिशा हे फॉरेन्सिक. त्याला विज्ञान शाखा लागते. गुन्हा का घडतो, कोणता गुन्हा नोंदला जातो, शिक्षेनं काय होतं, पीडिताचं पुढं काय होतं, हे गुन्हेगारीशास्त्र. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात दोन्ही एकाच विभागात आहेत, त्यामुळं घोटाळा जास्तच होतो. कोल्हापूरहून गाडीनं साडेतीन-चार तास. सुट्टीला घरी यायला सोयीचं, म्हणून मी ते निवडलं.

मी बी.एस्सी. करून गेलो. पहिल्या सत्रात आम्ही सगळे प्रयोगशाळेची वाट बघत होतो आणि समोर आले दुरखीम, मर्टन, सदरलँड हे समाजशास्त्रज्ञ. माझ्या शेजारी बसणारी मुलगी समाजशास्त्राची पदवी घेऊन आली होती. ती आधीच शिकलेल्या माणसांना पुन्हा भेटत होती आणि मी नावांचे उच्चार पाठ करत होतो. परीक्षेत गुण मिळाले मला, पण विषय कळायला दोन वर्षं गेली. तू योग्य बाजूनं निघाली आहेस.

याशिवाय मध्य प्रदेशात सागर विद्यापीठ या विषयासाठी जुनं आहे, चेन्नईला मद्रास विद्यापीठात विभाग आहे, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये समाजकार्याच्या अंगानं क्रिमिनॉलॉजी आणि न्याय शिकवतात. पात्रता दरवर्षीच्या माहितीपत्रकात बघून घे.

मिरजकर_तिकटी
मंगळवार, रात्री १०:३१

फार चांगला धागा. माझा भाचाही हेच विचारतोय. वाचतोय.

ठाणे_अंमलदार
मंगळवार, रात्री ११:५०

नोकरीत बावीस वर्षं झाली. रात्रपाळीवर आहे, जरा उसंत मिळाली म्हणून लिहितो.

ताई, तुझ्या पप्पांच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो. ठाण्यात फिर्याद घ्यायची असते, पंचनामा करायचा असतो, मुद्देमाल सांभाळायचा असतो, आरोपी वेळेत कोर्टात हजर करायचा असतो. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, कलमं बदलली, आम्ही आमच्या वयात पुन्हा पाठांतर केलं. यात समाजशास्त्र कुठं बसवू?

आणि अजून एक मनातलं सांगतो. समाज कारणीभूत, परिस्थिती कारणीभूत, हे ऐकलं की मला त्रास होतो. माझ्या चुलतभावानं खासगी सावकाराच्या जाचानं गाव सोडलं. चाळीस हजारांचे दोन लाख भरले तरी मुद्दल तेवढंच. त्या सावकाराला कुठली गरिबी होती? गुन्हेगाराची बाजू समजून घ्यायला शिकवणारे खूप. ज्याचं गेलं त्याच्याकडं कोण बघतं?

प्राध्यापकी
बुधवार, सकाळी ७:२०

समाजशास्त्र शिकवतो. अंमलदार साहेबांचे दोन्ही प्रश्न खरे आहेत, त्यांना धरूनच बोलतो.

सावकाराला कुठली गरिबी होती, हाच प्रश्न अमेरिकेत एडविन सदरलँड यांनी विचारला. १९३९ साली समाजशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून ते उभे राहिले आणि म्हणाले की गरिबी हेच गुन्ह्याचं कारण धरलं तर व्यापारी आणि कंपन्या जे गुन्हे करतात त्यांचं काय? त्यांनी पांढरपेशा गुन्हेगारी हा शब्द दिला. नंतर ७० बड्या कंपन्यांविरुद्धचे निवाडे गोळा करून १९४९ मध्ये ग्रंथ काढला, पण प्रकाशकाच्या दबावामुळं कंपन्यांची नावं गाळावी लागली. ती छापून यायला १९८३ साल उजाडलं, तोवर सदरलँड हयात नव्हते. गुन्हेगार कुणाला म्हणायचं हे ठरवण्यात कुणाचा हात असतो, ते या एका हकिकतीतून कळतं. तेव्हा समाजशास्त्र गुन्हेगाराला सोडा म्हणत नाही. जो कधी यादीतच येत नाही, त्यालाही ते यादीत आणतं.

सदरलँड यांचं दुसरं म्हणणं असं की गुन्हा शिकावा लागतो, आणि माणूस तो जवळच्या माणसांकडून शिकतो. कसा करायचा हे शिकतो आणि त्याचं समर्थन कसं करायचं हेही. "एवढं चालतंच", "सगळेच घेतात" ही वाक्यं घरात, कामावर, कट्ट्यावर ऐकूनच तोंडात बसतात.

आता कोल्हापुरातलं बघ. आपल्याकडच्या तालमी. माझ्या लहानपणी पोरगं पहाटे लाल मातीत आलं नाही तर वस्ताद घरी निरोप पाठवायचे. खुराकाचं दूध प्यायलं का, रात्री कुठं होतास, सगळी विचारपूस. ट्रॅव्हिस हर्शी या अमेरिकन अभ्यासकानं १९६९ साली प्रश्नच उलटा केला: लोक गुन्हा का करतात हे सोडा, बहुतेक लोक का करत नाहीत ते सांगा. उत्तर असं की माणसाला बांधून ठेवणारे धागे असतात. कुणाबद्दल तरी ओढ, पुढं काहीतरी मिळवायची आस, हाताला काम, आणि नियम बरोबर आहेत हा विश्वास. तालीम हे चारही धागे एका जागी वळते. पण त्याच पेठेत दोन मंडळांची जुनी चुरस असते आणि मिरवणुकीत पोरं एकमेकांच्या अंगावर जातात, तेव्हा सदरलँड आठवतात. एकच संस्था बांधूनही ठेवते आणि भांडायलाही शिकवते. हे पुस्तकात एका ओळीत येत नाही. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत महिनाभर बसलीस तर दिसेल.

शिकागोतल्या शॉ आणि मॅके यांचं काम मात्र मुळातून वाच. त्यांनी बालगुन्हेगारांचे पत्ते शहराच्या नकाशावर मांडले. काही भागांत प्रमाण कायम जास्त. त्या भागांत आज एका देशातून आलेले लोक राहत, काही वर्षांनी ते निघून जात आणि दुसऱ्या देशातले येत. प्रमाण तसंच राही. बाहेर पडलेल्या लोकांच्या मुलांमध्ये मात्र ते घटे. म्हणजे दोष रक्तात नव्हता, त्या जागेच्या अवस्थेत होता. आपल्याकडं "त्यांची जातच तसली" हे वाक्य अजून सर्रास बोललं जातं, म्हणून मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात तो नकाशा फळ्यावर काढतो.

माळावरचा
बुधवार, दुपारी १:०५

सर, ते शेवटचं वाक्य वाचून हात थांबला नाही.

मी विमुक्त समाजातला. समाजाचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की पुढचं कुणी वाचत नाही असा अनुभव आहे. आठवीत वसतिगृहात होतो. एका मुलाचं घड्याळ हरवलं. अधीक्षकांनी चाळीस पोरांतून पहिली पेटी माझी उघडली. घड्याळ दोन दिवसांनी त्याच मुलाच्या गादीखाली सापडलं. त्यानंतर माझ्याशी कुणीच त्याबद्दल बोललं नाही. चिडवलंही नाही. घडलंच नाही असं सगळे वागले.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यात गुन्हा करायची गरजच नव्हती, जन्म पुरेसा होता. माझे पणजोबा हजेरी द्यायचे. गाव सोडायचं तर दाखला. आजी सांगायची की लग्नाच्या रात्रीसुद्धा आधी हजेरी झाली, मग अक्षता. देश १९४७ ला स्वतंत्र झाला आणि आमचा कायदा रद्द झाला १९५२ साली. ३१ ऑगस्टला आम्ही विमुक्त दिन पाळतो. पण लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि कागदावरचं नाव तेवढं बदललं.

आणि याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना पकडून डांबण्याऐवजी सोनतळीला वसवलं, त्यांना पहाऱ्याचं काम दिलं. ज्यांच्यापासून लोक घर सांभाळायचे, त्यांच्याच हाती महाराजांनी राखण दिली. ही माझ्या मते गुन्हेगारीशास्त्रातली सर्वांत मोठी कृती आहे आणि ती आपल्या जिल्ह्यात झाली. अभ्यासक्रमात शिकागो शिकवा, पण सोनतळीही शिकवा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये गुन्हेगाराचा शिक्का बसण्याबद्दल लिहिलं, महाराजांनी तो शिक्का पंचेचाळीस वर्षं आधी पुसून दाखवला होता.

उजळाईवाडीच्या ताई, तुम्ही हा विषय घ्या. आमच्या वस्तीवर याल तेव्हा वही उघडायच्या आधी चहा घ्या, एवढंच मागणं.

प्राध्यापकी
बुधवार, दुपारी २:४८

दादा, सोनतळी माझ्या तासाला शेवटच्या पाच मिनिटांत यायची. आता पहिल्या आठवड्यात, नकाशाच्या शेजारी येईल.

एक भर घालतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता खटल्यात निकाल दिला. तुरुंगाच्या नियमावल्यांमध्ये जातीवर कामं वाटणं, झाडलोट एकाला आणि स्वयंपाक दुसऱ्याला, हे घटनाबाह्य ठरवलं. विमुक्त जमातींना जन्मजात सराईत मानणारे उल्लेख काढायला सांगितले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. १८७१ ते २०२४, एका वृत्तीला कागदावरून जायला किती काळ लागतो पाहा.

परिविक्षा_निवृत्त
बुधवार, रात्री ८:३०

मी महिला व बालविकास विभागात परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, होते. अंमलदार दादांनी विचारलं, समाजशास्त्र कुठं बसवू? ते मी कुठं बसवलं ते सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं, बालक बाल न्याय मंडळासमोर आलं की सामाजिक तपासणी अहवाल मागवतात. २०१५ च्या कायद्यानं त्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. मुलाचं घर, शाळा, मित्र, काम, सवयी, शेजाऱ्यांचं मत, सगळ्याचे रकाने असतात.

पंधरा वर्षांचा मुलगा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीबाहेरून तांब्याची वायर उचलली आणि भंगारात विकली. मी नोकरीत नवीन होते. शेजारी म्हणाले, "पहिल्यापासून तसलाच." मी रकान्यात लिहिलं: शेजाऱ्यांचं मत प्रतिकूल. शाळा? आठवीतून सोडली. कारण? अभ्यासात रस नाही. अहवाल तयार. माझ्या वरिष्ठ बाईंनी तो वाचला आणि परत दिला. म्हणाल्या, "हे तू ऐकून आलीस. बघून ये."

दुसऱ्यांदा गेले ती संध्याकाळी सातला. आधी दुपारी गेले होते, तेव्हा घरात आजीच होती. यावेळी आई कामावरून आलेली. दहा बाय बाराची खोली, भिंतीला लावलेली सायकल, तिचं पुढचं चाक नाही. बाप इचलकरंजीत यंत्रमागावर होता, काम सुटलं म्हणून कुटुंब इकडं आलं. शाळा नवी जागा धरून साडेतीन किलोमीटरवर. मुलगा सायकलनं जायचा. चाक चोरीला गेलं, नवं घेणं झालं नाही, शाळा सुटली. "अभ्यासात रस नाही" हे मुलानं मला सांगितलं होतं, कारण चाक नव्हतं हे सांगायची त्याला लाज वाटत होती. शेजारी पण मी पुन्हा विचारले, यावेळी तीन घरं सोडून पलीकडचे. ते म्हणाले, पाणी भरायला म्हाताऱ्यांना मदत करतो. पहिल्या शेजाऱ्यांशी नळावरून वाद होता.

आणि भंगारवाला? पंधरा वर्षांच्या पोराकडून वजनावर तांबं घेणारा मोठा माणूस माझ्या पहिल्या अहवालात नव्हताच. दुसऱ्यात मी त्याच्याबद्दल परिच्छेद लिहिला.

मंडळानं मुलाला पालकांच्या ताब्यात दिलं, माझ्या देखरेखीखाली. एका संस्थेनं सायकल दिली. दहावी झाला. पुढं काय झालं ते सांगणार नाही, ते त्याचं आयुष्य.

समाजशास्त्रानं मला काय दिलं, तर शाळा कधी सुटली याच्या पुढं जाऊन का सुटली हे विचारायची सवय. गुन्हेगारीशास्त्रानं दिलं ते वेगळं: कायदा काय म्हणतो, कोणती मुलं पुन्हा येतात, कोणत्या उपायानं फरक पडतो. एकच असतं तर मी एकतर नुसती कळवळले असते, नाहीतर नुसते रकाने भरले असते. बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांच्या पात्रतेत बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायदा असे विषय कायद्यातच लिहिलेले आहेत. पप्पांना हे जरूर दाखव, बाळ.

ठाणे_अंमलदार
गुरुवार, पहाटे ४:१०

मावशी, भंगारवाल्याचं वाचून बराच वेळ स्टेशन डायरी तशीच पुढ्यात ठेवून बसलो होतो. आमच्याकडंही तो बहुतेक वेळा साक्षीदार होतो, आरोपी होत नाही.

माझा दुसरा प्रश्न मात्र अजून उभा आहे. ज्याचं गेलं त्याचं काय? गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी आले. डिजिटल अरेस्टची भीती घालून त्यांच्या आयुष्याची पुंजी काढून घेतली होती. चार दिवस कुणालाच सांगितलं नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनला पहिल्या तासात फोन केला असता तर काही रक्कम गोठवता आली असती. मला म्हणाले, "साहेब, माझ्या विद्यार्थ्यांना कळू देऊ नका." चोरापेक्षा लाजेनं जास्त नेलं त्यांचं.

प्राध्यापकी
गुरुवार, सकाळी ९:००

साहेब, तुम्ही आत्ता जे लिहिलंत तो स्वतंत्र अभ्यास आहे, त्याला पीडितशास्त्र म्हणतात. कोण तक्रार करतो, कोण करत नाही, कुणाला लाज वाटते, कुणावर विश्वास ठेवला जातो. आपल्याकडं पीडितांना भरपाई देण्याची तरतूद कायद्यात २००९ पासून आहे, महाराष्ट्रात अत्याचारग्रस्त महिला आणि बालकांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. मदत मागायला माणूस येतो की नाही, ते मात्र त्याच्या घरावर, गल्लीवर, आणि ठाण्यात पहिल्या पाच मिनिटांत त्याच्याशी कोण कसं बोललं यावर ठरतं. गुरुजी चार दिवसांनी का होईना आले, ते तुमच्यासारखा कुणीतरी बसलेला असेल या आशेवर.

यातूनच आकडेवारीचा मुद्दा येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल १९५३ पासून दरवर्षाचा निघतो. वृत्तपत्रं त्यावरून अमुक शहर सुरक्षित, तमुक असुरक्षित ठरवतात. पण तो मोजतो नोंदलेले गुन्हे. एका फिर्यादीत पाच कलमं असली तर सर्वांत गंभीर तेवढं एक मोजलं जातं. जिथं बायका निर्धास्त तक्रार देतात तिथला आकडा वाढतो, आणि तो वाढला हे चांगलं लक्षण असू शकतं. आकड्याला हा प्रश्न विचारायला समाजशास्त्रातलं संशोधन पद्धतीचं प्रशिक्षण शिकवतं. संख्याशास्त्राचा पेपर टाळू नकोस.

उजळाईवाडीची
गुरुवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचा प्रतिसाद मी पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते सायकलच्या चाकापाशी थांबले. म्हणाले, "आमच्या गाडीतनं पास संपला म्हणून उतरणारी पोरं मी रोज बघतो." नंतर भरतीचा विषय काढला नाही.

दोन व्यावहारिक शंका. एम.ए. समाजशास्त्र आणि क्रिमिनॉलॉजी एकाच वेळी करता येईल का? आणि कायद्याचं शिक्षण आवश्यक आहे का?

धारवाडला_होतो
गुरुवार, रात्री ९:५०

यूजीसीनं एप्रिल २०२२ पासून दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातले असतील तर वेळा आदळता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन असंही चालतं, फक्त दूरस्थ अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा. पण मनापासून सल्ला देतो, दोन पदव्युत्तर पदव्या एकदम ओढू नकोस. समाजशास्त्राचं एम.ए. शिवाजी विद्यापीठात कर, त्याच्या जोडीला गुन्हेगारी न्यायाचा छोटा दूरस्थ अभ्यासक्रम घे, इग्नू या मुक्त विद्यापीठाचा आहे. प्रबंधाचा विषय गुन्ह्याशी जोडलेला निवड. खर्डेकर ग्रंथालयात बसायची सवय तुला असेलच. त्यानंतरही भूक राहिली तर बाहेर जा. आमच्या वर्गातली ती मुलगी असंच करून आली होती.

आणि एमपीएससीची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तिथं समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. घरच्यांना तेवढा आधार पुरे.

कसबा_बावडा
गुरुवार, रात्री ११:०५

वकिली करते. कायद्याची पदवी आवश्यक नाही, पण प्रक्रिया आली पाहिजे. एलएल.बी.ला आम्हाला गुन्हेगारीशास्त्र आणि दंडशास्त्राचा पेपर होता, तो मी परीक्षेपुरता वाचला. आज वाईट वाटतं. जामिनाच्या अर्जावर युक्तिवाद करताना "आरोपीचं समाजात स्थान आहे" असं एक छापील वाक्य आम्ही सगळे लिहितो. त्या वाक्यामागं खरं काय असतं, कुणाला जामीनदार मिळतो आणि कुणाला नाही, हे शिकलेला माणूस आमच्याकडं हवा. २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांतले सुमारे ७६ टक्के लोक न्यायाधीन बंदी होते, म्हणजे अजून दोषी न ठरलेले. त्यातल्या कित्येकांकडं जामीन मंजूर होऊनही भरायला हमी नसते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. मुंबईचा हेलपाटा वाचला. पण कुणाचा आणि किती वाचला, हे मोजायला कुणीतरी बसलं पाहिजे. हा तुझा प्रबंध होऊ शकतो.

आता अभ्यास बाजूला ठेवून एक कामाचं. तू ज्या मुलाबद्दल लिहिलंस, त्याच्या आईला सांग: कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथं जायचं. दुसरं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणं, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल तर नाही, आणि इतर खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका होत नाही. कोणती कलमं लागली आहेत ते आरोपपत्रात असेल. ते घेऊन जायला सांग.

परिविक्षा_निवृत्त
शुक्रवार, सकाळी ६:४५

वकीलबाईंनी योग्य तेच सांगितलं. बाळ, तू त्या आईबरोबर जा. आणि त्या वहीवर पुढं कधी काही लिहायचं मनात आलं, तर आधी तिला विचार. "हो" म्हणाली तरी आठवड्यानं पुन्हा विचार. पहिल्या वेळी लोक भिडेनं हो म्हणतात.

मिरजकर_तिकटी
शुक्रवार, सकाळी ८:१०

भाच्याला सगळा धागा पाठवला. त्याला औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरबद्दलही सांगितलं. आटपाडीजवळ १९३९ साली कैद्यांना कुटुंबासह मोकळ्यावर शेती करायला ठेवायचा प्रयोग झाला होता, भिंतीशिवाय. तिथली वसाहत आजही आहे. इथून एका दिवसात जाऊन येता येतं. कुणी येणार असेल तर रविवारी गाडी काढतो.

माळावरचा
शुक्रवार, सकाळी ८:३२

मी येतो.

उजळाईवाडीची
पुढच्या बुधवारी, संध्याकाळी ७:३०

काल काकूंबरोबर, म्हणजे त्या मुलाच्या आईबरोबर, कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात जाऊन आले. केएमटीच्या बसनं गेलो. कार्यालयात अर्ज भरून घेतला, आरोपपत्राची प्रत ठेवून घेतली, वकील नेमून कळवतो म्हणाले. कलम ४७९ चा विचार होईल का, तेही तपासणार आहेत. बाहेर आल्यावर काकू पायरीवर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून वही काढली. मला विचारावं लागलं नाही. म्हणाल्या, "तुला काय लिहायचं असेल ते यात लिही, माझं अक्षर वाचायला येत नाही कुणाला."

तरी मावशींचं आठवून मी सांगितलं की पुढच्या आठवड्यात परत विचारीन.

काल एवढंच केलं. अठरा तारखांपुढं काय झालं होतं ते काकूंना एकेक करून विचारलं, आणि "पुढची" या शब्दाशेजारी पेन्सिलनं लिहिलं. साक्षीदार आला नाही, पाच वेळा. पोलीस बंदोबस्ताला गेले म्हणून मुलाला कोर्टात आणलंच नाही, चार वेळा. वकील हजर नव्हते, तीन वेळा. न्यायाधीश रजेवर, दोन वेळा. चार तारखांना काय झालं ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत. अंमलदार दादा, त्या चार कुठून भरता येतील ते सांगाल का?

ठाणे_अंमलदार
बुधवार, रात्री ११:२०

कोर्टाच्या रोजनाम्यात असतंय सगळं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सीएनआर नंबर टाक, तारीखवार दिसेल. नंबर आरोपपत्रावर नसेल तर नव्या वकिलांना विचार. आणि ज्या चार वेळा बंदोबस्तामुळं आणलं नाही म्हणतेस, त्या तारखा मला वेगळ्या पाठव. त्या दिवशी शहरात काय होतं ते मला आठवंल.